एमजीबी घेताना आधी दाराची फट बघा

प्रश्न : सत्तरच्या दशकातली एक एमजीबी रोडस्टर (उघड्या छपराची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) विकायला आहे. बरीच वर्षं शेडमध्ये उभी होती. इंजिन जाम आहे, पुढच्या मडगार्डांवर रंग फुगलाय, दाराखालच्या सिलला भोकं आहेत. मालक म्हणतात, ‘सिल बदलल्या की झालं.’ घ्यावी का?

उत्तर : इंजिन जाम आहे म्हणून गाडी सोडू नका, पण मालकांच्या त्या वाक्यावर विसंबून घेऊही नका. एमजीबीला वेगळी चॅसी नाही, सगळा भार बॉडीच पेलते. रोडस्टरला तर छप्परही नाही, त्यामुळे पुढचा आणि मागचा भाग सांधून ठेवण्याचं बरंचसं काम सिलवर येतं. बाहेर दिसतो तो सिलचा फक्त एक पत्रा. त्याच्या आड मधला उभा पत्रा, आतली सिल आणि खाली पन्हळीसारखी रेल असते. गंज बहुधा आतून बाहेर येतो, म्हणून बाहेर भोक दिसत असेल तर आतलं नुकसान त्याहून मोठं धरा.

दार बंद करून त्याच्या मागच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत बघा. वर अरुंद आणि खाली रुंद असेल, तर गाडी मधोमध खचली आहे. मग एकाला आत बसवून तीच फट पुन्हा बघा. फट बदलली तर हा सौदा सोडलेलाच बरा, कारण खचलेली बॉडी सरळ करणं हे सिल बदलण्यापेक्षा फार मोठं काम आहे.

फट ठीक असेल तर गाडीखाली जा. मालकांची परवानगी घेऊन स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा : सिलची दोन्ही टोकं, तळाच्या पत्र्याच्या कडा, सीटमागच्या बॅटरीच्या पेट्या आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचं पुढचं टोक जिथे बॉडीला बसतं ती जागा. ही शेवटची जागा कुजली असेल तर काम दुपटीने वाढतं. सिलच्या खालच्या कडेला पत्र्यावर पत्रा दिसला, तर कुजक्या सिलवर नवा पत्रा नुसता झाकलेला आहे. तो सगळा कापूनच काढावा लागतो. मडगार्डांच्या फुग्यांची एवढी काळजी नको. पुढची मडगार्डं बोल्टांवर असतात आणि नवी मिळतात. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी या गाडीची अख्खी नवी बॉडीसुद्धा बनवते. सिल, तळ आणि पाट्यांच्या जागा तिन्ही गेल्या असतील, तर जुन्या बॉडीला ठिगळं लावण्याआधी नव्या बॉडीचा हिशेब करा.

सिल बदलायची ठरली तर गाडी समपातळीत टेकवा, दाराच्या चौकटीत आडवी कांब घट्ट बसवा आणि एका वेळी एकच बाजू कापा. दोन्ही बाजू एकदम कापल्या की बॉडी वाकते आणि दारं पुन्हा नीट लागत नाहीत. नवी सिल आधी क्लॅम्पने धरा, दार लावून फट तपासा, मगच वेल्ड करा. वेल्डिंग सलग ओढू नका, जागा बदलत टाके घ्या. बॅटरी आणि अल्टरनेटरच्या तारा आधी सोडा, जवळपास काम असेल तर पेट्रोलची टाकीही उतरवा.

इंजिनाला स्टार्टर मारू नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये एक-दोन चमचे पातळ गंजमोड तेल घाला, एक-दोन दिवस मुरू द्या आणि क्रँक पुलीच्या नटावर पाना लावून मागे-पुढे हलवा. सुटलं नाही तर हेड उतरवावं लागेल. ब्रेकचे होज आणि रबरी सील मात्र चांगले दिसले तरी बदला.

प्रश्न : रंगाखालची पुट्टी ओळखायला लोहचुंबक चालतो का? आणि सगळी बॉडी सँडब्लास्ट करून घेऊ का?

उत्तर : लोहचुंबक चालतो. रंग ओरबाडू नये म्हणून पातळ कापडात गुंडाळा आणि जिथे ओढ कमी होते तिथे खूण करा. फक्त सुरुवातीच्या एमजीबींचं बॉनेट अॅल्युमिनियमचं होतं, तिथे तो चिकटणारच नाही.

अख्खी बॉडी सँडब्लास्टला देऊ नका. वाळूच्या माऱ्याने डिकीचं झाकण, दारं असे सपाट पत्रे ताणले जातात आणि कायमचे लाटा धरतात. त्यांचा रंग रसायनाने काढा. सस्पेन्शनचे आणि इतर जाड भाग खुशाल ब्लास्ट करून घ्या, पण त्याच दिवशी प्रायमर लावा, उघडा पत्रा दमट हवेत लगेच गंज धरतो. सिलच्या पोकळीत गंजरोधक मेण शेवटी, वेल्डिंग आणि रंग दोन्ही उरकल्यावर भरायचं, आणि पाणी निघायची भोकं मोकळी ठेवायची.