वाचकांचे प्रश्न : मोटारसायकलवर चालकासाठी बॅकरेस्ट

प्रश्न : माझे वय ५२ असून माझ्याकडे रॉयल एनफील्डची मीटिऑर ३५० आहे. कोल्हापूरहून पुण्याकडे किंवा आंबोलीमार्गे गोव्याकडे जाताना तासा-दीड तासात कंबर धरते. उंची आणि कोन बदलता येणारा बॅकरेस्ट चालकाच्या सीटमागे बसवण्याचा विचार आहे. पत्नीही अनेकदा मागे असते. गॅरेजवाले म्हणतात, मागच्या प्रवाशाने धरायची दांडी काढून तिच्याच बोल्टांवर बॅकरेस्ट बसवता येईल. तसे करावे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बॅकरेस्ट जरूर बसवा, पण दांडी काढून नको. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ प्रमाणे, मागे बसण्याची सोय असलेल्या मोटारसायकलला चालकाच्या सीटच्या बाजूला किंवा मागे धरण्यासाठी कायमस्वरूपी आधार, फूटरेस्ट आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निदान अर्धे मागचे चाक झाकणारे आच्छादन असावे लागते. कायदा बाजूला ठेवला, तरी तुमच्या कमरेच्या सोयीसाठी पत्नीच्या हाताचा आधार काढून घेणे हा काही बरा व्यवहार नाही.

आधी दुखण्याचे कारण पाहू. या गाडीची सीट ७६५ मिलिमीटर, म्हणजे बुटकी, आणि फूटरेस्ट पुढे आहेत. पाय पुढे गेले की कमरेचे हाड मागे कलते, पाठीच्या खालच्या भागातला नैसर्गिक बाक सपाट होतो आणि खड्डा आला तरी पायांवर भार घेऊन सीटवरून किंचित उठता येत नाही. त्यामुळे सगळा हिसका माकडहाडावर आणि तिथून मणक्यांवर जातो. बॅकरेस्टने सांभाळायचा असतो तो हा सपाट झालेला बाक. म्हणून त्याची गादी पट्ट्याच्या रेषेच्या थोडी वर टेकली पाहिजे. खांद्यांपर्यंत पोचणारी रुंद गादी दुकानात झोकदार दिसते, पण तिला रेलले की हात ताणले जातात.

आता मुख्य मुद्दा, तो बसवायचा कशावर. बॅकरेस्टच्या तीस सेंटिमीटर उंचीच्या दांड्यावर पाठीने नुसता वीस किलोचा रेटा दिला आणि तो गाडीला जोडणाऱ्या खालच्या पट्टीचे पुढचे-मागचे बोल्ट एकमेकांपासून पाच सेंटिमीटरवर असले, तर त्यांतल्या पुढच्या बोल्टावर सहापट, म्हणजे सुमारे एकशेवीस किलोची ओढ येते. खड्ड्यात हा रेटा क्षणभर याहून पुष्कळ वाढतो. मडगार्डचा पत्रा, प्लास्टिकचे पॅनेल किंवा सीटचा तळ यांपैकी कशालाही ती ओढ फार काळ सोसणार नाही. तेव्हा ज्याची पट्टी थेट चासीच्या नळ्यांना किंवा चासीवर मुळातच असलेल्या बोल्टांना बसते, असाच संच घ्यावा. आपल्या मॉडेलसाठी बनवलेला संच मिळत नसेल तर कुशल फॅब्रिकेटरकडून पट्टी करून घेता येते. मात्र चासीला भोक पाडू देऊ नये आणि वेल्डिंगही करू देऊ नये.

बसवताना दोन्ही सीट काढून पट्टी नुसती ठेवून पाहावी आणि तिच्याखालून वायरिंग जात असेल तर ते बाजूला घेऊन बांधावे. पट्टीची कड वायरीवर घासत राहिली, तर वरचे आवरण फाटून पावसाळ्यात नेमका फ्यूज उडतो आणि दोष मात्र बॅटरीला दिला जातो. बोल्ट ८.८ दर्जाचे, म्हणजे जास्त ताकदीच्या पोलादाचे असावेत, वॉशरसह नायलॉक नट (आत नायलॉनचे कडे असल्याने सहज सैल न होणारे) लावावेत. आठ मिलिमीटरचा बोल्ट साधारणपणे २० ते २५ न्यूटन मीटरपर्यंत आवळला जातो. जोरात ओढून पाहण्यापेक्षा टॉर्कचा पाना (ठरावीक जोर मोजून आवळणारा) असलेल्या गॅरेजात जाणे उत्तम. सीट परत बसवल्यावर तिचे कुलूप पूर्ण लागते का, हेही तपासावे, कारण पट्टीची जाडी दोन-तीन मिलिमीटरने जरी आड आली तरी सीट डुगडुगते. पहिल्या लांब फेरीनंतर सगळे बोल्ट पुन्हा एकदा पाहावेत.

मोजमाप नेहमीचे जॅकेट घालूनच घ्यावे. पाठीचे संरक्षक कवच असलेल्या जॅकेटने गादी आपोआप दोनेक सेंटिमीटर पुढे आल्यासारखी होते. ताठ बसल्यावर गादी पाठीला अलगद लागावी, पाठ ढकलू नये. त्यानंतर गाडी उभी असताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. बाहेरच्या बाजूचा हात कोपरात थोडा वाकलेला राहिला तर जागा बरोबर आहे. सरळ ताणला गेला तर गादी पुढे सरकवावी. आंबोलीच्या वळणांवर हीच चाचणी कामी येते.

पत्नी मागे असताना गादी तिच्या पोटाशी किंवा गुडघ्यांशी येते, म्हणून पुढे मुडपणारा किंवा पिन काढून चटकन उतरवता येणारा प्रकारच घ्यावा. चढता-उतरताना पाय वरून टाकणेही त्यामुळे सोपे होते. पाय बधिर होत असेल किंवा कळ मांडीखाली उतरत असेल, तर बॅकरेस्टच्या आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्न : रॉयल एनफील्डच्याच हिमालयनवरही असा बॅकरेस्ट चालेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : शक्यतो नको. त्या गाडीवर पाय शरीराखाली असतात, खराब रस्त्यावर चालक फूटरेस्टवर उभा राहून मागे सरकतो, आणि नेमक्या त्याच वेळी हा दांडा आड येतो. तिथे सीटचा फोम बदलून पाहावा आणि हँडल किंचित वर, मागे आणणारे रायझर लावून पाहावेत. मात्र रायझर लावल्यावर हँडल पूर्ण वळवून केबल व वायरी ताणल्या जात नाहीत ना, याची खात्री करून घ्यावी.