खिम्याचे गोळे आणि पास्ता घातलेलं सूप: गोळे सुटू नयेत, पास्ता फुगू नये म्हणून

तुमच्या तक्रारी तीन आहेत. चिकन खिम्याचे गोळे सुपात पडताच निम्मे सुटले, मॅकरोनीनं सगळं पाणी पिऊन टाकलं आणि जे उरलं ते नुसतं आंबट लागलं. त्यात अट अशी की ऑफिसातून आल्यावर पाऊण तासात चौघांचं जेवण तयार हवं, आणि ते सात वर्षांच्या पोरालाही आवडलं पाहिजे आणि सासऱ्यांनाही. हे सगळं जमतं. मात्र कृती बदलण्याआधी खिमा बघा, कारण निम्मं नुकसान गंज (पातेलं) गॅसवर चढायच्या आधीच झालेलं असतं.

आपल्याकडे खिमा घरी आणून चाळणीत धुतात. धुतलेला खिमा पाणी धरून ठेवतो. वळताना गोळा घट्ट वाटतो, पण गरम रश्श्यात ते पाणी बाहेर पडतं आणि गोळा उकलतो. म्हणून नागपुरात खिमा सदरला घ्या की मोमिनपुऱ्यात, मांस आधी धुऊन, नीट निथळून मग मशीनमधून काढायला सांगा. धुतलेलाच खिमा हाती आला असेल तर सुती फडक्यात बांधून घट्ट पिळा आणि पंधरा मिनिटं चाळणीत फ्रिजमध्ये ठेवा.

चिकनचा खिमा छातीच्या मांसाचा नको, तंगडीचा हवा. छातीच्या मांसात चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे गोळा शिजला की कोरडा आणि चरचरीत होतो. बोकडाचा खिमा घेणार असाल तर खांद्याचा घ्या आणि मशीनमधून दोनदा काढून घ्या. एकदाच काढलेल्या खिम्यात पांढरे चिवट धागे राहतात आणि ते दहा-पंधरा मिनिटांत मऊ होत नाहीत. ४०० ग्रॅम खिम्यात ६० ते ८० ग्रॅम चरबी असू द्या. घरी मिक्सरमध्ये करायचा असेल तर तुकडे पंधरा-वीस मिनिटं फ्रीजरमध्ये कडक करून घ्या आणि बटण थांबत-थांबत चार-पाच वेळाच फिरवा. सलग फिरवलं तर भांडं तापतं, चरबी वितळते आणि खिम्याची पेस्ट होते. नागपूरच्या मे महिन्यात तर खिमा ओट्यावर दहा मिनिटंही उघडा ठेवू नका. चरबी सैल पडली की गोळा आकार धरत नाही, आणि त्या उन्हाळ्यात मांस लवकर खराब होतं ते वेगळंच.

आता गोळ्यांचं. चौघांसाठी ४०० ग्रॅम खिमा, एक ब्रेडची स्लाइस कडांसकट, तीन मोठे चमचे दूध, एक सपाट छोटा चमचा मीठ, चार पाकळ्या लसूण आणि पेरभर आलं किसून, अर्धा छोटा चमचा मिरपूड, तेवढीच जाडसर कुटलेली बडीशेप, मूठभर बारीक चिरलेला सांबार (कोथिंबीर) आणि एक लहान कांदा किसून, पिळून. पिळलेला रस फेकू नका, तो रश्श्यात घालायचा आहे. कांदा चिरून घातला तर त्याच्या फोडींपाशीच गोळ्याला चीर पडते, म्हणून किसायचा.

आधी फक्त खिमा आणि मीठ घ्या. बाकी काही घालू नका. दोन मिनिटं हातानं मळा. खिमा भांड्याच्या कडेला चिकटायला लागला आणि बोटानं ओढल्यावर त्यातून तार सुटल्यासारखी दिसली की थांबा. मिठामुळे मांसातली प्रथिनं सुटून चिकट होतात, आणि गोळा बांधून ठेवणारी खरी गोष्ट हीच आहे. अंडं किंवा बेसन ते काम इतकं चांगलं करत नाही. अंड्यानं मिश्रण सैल होतं, मग आपण वरून पीठ घालतो आणि गोळा कडक होतो. बेसन सात-आठ मिनिटांत शिजत नाही, कच्चट चव राहते आणि रस्साही गढूळ होतो.

मग ब्रेड दुधात भिजवून, कुस्करून, त्याचा लगदा खिम्यात घाला, आणि बाकीचं सगळं. इथून पुढे हलक्या हातानं, जेमतेम एकजीव होईपर्यंतच मळायचं. भिजलेला ब्रेड शिजताना सुटणारं पाणी धरून ठेवतो, त्यामुळे गोळा मऊ राहतो. कोरडा ब्रेडचा चुरा घातला तर तो उलट गोळ्यातलंच पाणी ओढतो. ब्रेड नसेल तर फुटाण्याच्या डाळीचं पीठ दोन मोठे चमचे आणि दूध दोन चमचे, हेही चांगलं चालतं, कारण ती डाळ आधीच भाजलेली असते.

एकेक गोळा तोडून वळत बसलात तर वीस मिनिटं तिथेच जातात. मिश्रण ताटात बोटभर जाडीचं चौकोनी थापा, सुरीनं सात उभ्या आणि सात आडव्या पट्ट्या पडतील असं कापा. ४९ सारखे तुकडे निघतात, प्रत्येक साधारण १० ते ११ ग्रॅमचा. हात ओले करून एकेक नुसता गोल फिरवायचा. गोळा इंचभराचा होतो. सगळे एकाच वेळी शिजतात, आणि लहान मुलाला चमच्यात पास्त्याबरोबर अख्खा गोळा मावतो. सगळे वळायच्या आधी एक गोळा चमचाभर तेलात परतून चाखा. मीठ कमी-जास्त असेल तर आत्ताच कळतं.

रश्श्याकडे वळू. तुमचं सूप आंबट लागलं कारण त्यात टमाटर आणि पाणी याखेरीज काही नव्हतं. खिमा घेताना दुकानातून कोंबडीची पाठ आणि मान, पाव किलो, मागून घ्या. घरी आल्याआल्या कुकरमध्ये दीड लिटरपेक्षा थोडं जास्त पाणी, ती हाडं, एक तेजपत्ता, सांबाराच्या काड्या आणि चार मिरे दाणे घालून, एक शिट्टी झाल्यावर मंद आचेवर वीस मिनिटं ठेवा. तेवढ्यात खिमा मळून होतो. बोकडाच्या नळ्यांचा रस्सा चवीला जड आणि छान होतो, पण त्याला पाऊण तास लागतो, तो रविवारसाठी ठेवा. सूपचे तयार क्यूब वापरणार असाल तर रश्श्यात वेगळं मीठ अजिबात घालू नका, क्यूबमध्ये ते भरपूर असतं. गोळे शिजून झाल्यावर चाखा, तेव्हा लागलं तरच घाला, कारण गोळ्यांतलं मीठही थोडं रश्श्यात उतरतं.

जाड बुडाच्या गंजात एक मोठा चमचा तेल आणि थोडं लोणी. एक कांदा बारीक चिरून आणि दोन गाजरं अर्ध्या सेंटीमीटरच्या फोडी करून पाच-सहा मिनिटं परता. गाजर टमाटराच्या आधीच घालायचं, कारण आंबट पाण्यात भाज्या मऊ व्हायला फार वेळ लागतो. मग पाच पाकळ्या लसूण, आणि तीन मध्यम टमाटर किसून. टमाटराचा कच्चा वास जाऊन कडेनं तेल दिसेपर्यंत परतायचं. ही सहा-सात मिनिटं वाचवायला गेलात तर ते आंबटपण शेवटपर्यंत जात नाही. चिमूटभर साखर घालायला हरकत नाही. आता गाळलेला रस्सा आणि कांद्याचा पिळलेला रस घाला. एकूण दीड लिटर द्रव हवं, कमी पडलं तर गरम पाणी.

उकळी आली की गॅस बारीक करा. कडेला बारीक बुडबुडे येताहेत पण मधे पाणी उसळत नाही, इतपत आच. या घडीला तुमचे गोळे सुटले होते. खळखळत्या पाण्यात गोळे एकमेकांवर आणि गंजाच्या कडेवर आपटतात, आणि बाहेरचा थर बसायच्या आतच त्यांचे तुकडे होतात. गोळे कडेनं एकेक करून सोडा, सगळे एकदम ओतू नका, नाहीतर रस्सा थंड पडतो. दोन मिनिटं सराटा (उलथनं) लावायचा नाही. गंज दोन्ही हातांनी धरून हलकेच फिरवला तरी पुरे. वर राखाडी फेस येईल, तो चमच्यानं काढून टाका, त्यानं सूप स्वच्छ दिसतं. इंचभराचा चिकनचा गोळा अशा आचेवर सात ते आठ मिनिटांत पूर्ण शिजतो. एक गोळा मधोमध कापून बघा, आत कुठेही गुलाबी, चिकट भाग दिसता कामा नये. बोकडाच्या गोळ्यांना पंधरा ते अठरा मिनिटं द्या.

गोळे आधी तळून घ्यावेत का, हा प्रश्न नेहमी येतो. चिकनचे तळू नका, थेट रश्श्यात सोडा. त्यांची चव रश्श्यात उतरते आणि ते मऊ राहतात. बोकडाचे मात्र त्याच गंजात चमचाभर तेलावर एका बाजूनं लालसर करून बाजूला काढा आणि मग कांदा परता. बुडाला जे तपकिरी चिकटतं ते टमाटराच्या पाण्यानं सुटून रश्श्यात येतं, आणि सूप दोन तास शिजवल्यासारखं लागतं. तळल्यानं रस आत कोंडला जातो असं म्हणतात, ते खरं नाही. फायदा फक्त चवीचा आहे.

पास्ता. चौघांना दीड लिटर सुपात १०० ग्रॅम कोरडा पास्ता पुरे. तुम्ही २५० ग्रॅम घातला होता, तिथेच गणित फसलं. सुका पास्ता शिजताना स्वतःच्या वजनापेक्षा जास्त पाणी पितो, आणि गॅस बंद केल्यावरही पीतच राहतो. लहान मॅकरोनी किंवा शंखाच्या आकाराचा घ्या, पाकिटावर रव्याचा असं लिहिलेला. मैद्याचा लवकर गिळगिळीत होतो. स्पॅगेटी घरात असेल तर फडक्यात गुंडाळून इंचभराचे तुकडे करा.

चिकनचे गोळे टाकून तीन-चार मिनिटं झाली, ते वर तरंगायला लागले, की पास्ता घाला आणि आच मध्यम करा. आता गोळे बसलेले असतात, ते सुटत नाहीत. पहिलं मिनिटभर हलकेच ढवळा, कारण पास्ता चिकटतो तो त्याच वेळी. पाकिटावर दहा मिनिटं लिहिली असतील तर आठव्या मिनिटाला गॅस बंद. उरलेली दोन मिनिटं तो गंजातल्या उष्णतेवरच शिजतो. शेवटच्या पाच मिनिटांत अर्धी वाटी मटार, शेवटच्या मिनिटात दोन मुठी चिरलेला पालक. हिवाळ्यात दोन्ही बाजारात ताजे आणि स्वस्त असतात. वाढताना लिंबाचे चार थेंब.

मात्र हे सगळे एकाच वेळी जेवायला बसणार असतील तरच. कोणी आठला आणि कोणी दहाला येणार असेल तर पास्ता सुपात घालूच नका. वेगळ्या पाण्यात, लिटरला दोन सपाट छोटे चमचे मीठ घालून, उकडा, निथळा, चमचाभर तेल चोळून झाकून ठेवा. ज्याच्या त्याच्या वाडग्यात दोन-तीन मोठे चमचे पास्ता आणि वर उकळतं सूप. चव थोडी कमी मुरते, पण दहा वाजताही पास्ता पास्त्यासारखाच असतो.

सासऱ्यांना हे फिकं वाटेल, ही तुमची शंका रास्त आहे. पण म्हणून गंजात सावजी मसाला घालू नका. तो मसाला खमंग भाजलेला, गडद आणि तेलावर तरंगणाऱ्या तर्रीसाठी केलेला आहे. या रश्श्यात तो बडीशेप, गाजर, पालक यांपैकी कशाचीच चव राहू देत नाही, आणि मुलगा जेवणारच नाही. त्याऐवजी कढल्यात दोन चमचे तूप तापवा, गॅस बंद करा, त्यात दोन ठेचलेल्या लसूण पाकळ्या आणि अर्धा चमचा भिवापुरी (भिवापूरच्या लाल मिरचीचं) तिखट घाला, आणि ही फोडणी त्यांच्या वाडग्यावर ओता. तिखट गरम गॅसवर घातलं तर जळून कडू होतं. मुलाच्या वाडग्यावर चीज किसून घाला. अमूलचा क्यूब चालेल, पण वाढल्यावरच. गंजात घातला तर तो तळाशी चिकटतो आणि गोळ्यांना गुंडाळून बसतो. बरोबर पाव तव्यावर लोण्यात भाजून दिला की वेगळी पोळी लागत नाही.

उरलं तर पास्ता गाळून वेगळा काढा आणि नुसतं सूप-गोळे फ्रिजमध्ये ठेवा, तीन दिवस चालतात. ओट्यावर दोन तासांपेक्षा जास्त नको, उन्हाळ्यात तासभर.

पाऊण तासातली धावपळ रविवारी दुप्पट गोळे करून ठेवले तर बरीच कमी होते. कच्चे गोळे ताटात एकमेकांना न चिकटवता फ्रीजरमध्ये दगडासारखे होऊ द्या, मग पिशवीत भरा, हवा काढून. दोन महिने चांगले राहतात. वापरताना वितळवायचे नाहीत, कारण वितळताना पाणी सुटतं आणि तीच जुनी अडचण उभी राहते. तसेच गोठलेले, रस्सा उकळत असताना आठ-दहाच्या तुकडीनं सोडा, आच पुन्हा बारीक करा आणि शिजायला चार मिनिटं जास्त धरा. पास्ताही मग तेवढाच उशिरा.