सेल्युलाइटचे गुण : ८ चे ५ झाले कसे?

प्रश्न : मांडीवरच्या सेल्युलाइटला (खळ्या पडून त्वचा उंचसखल दिसणे) एका दवाखान्यात १५ पैकी ८ गुण दिले, चार महिन्यांनी दुसरीकडे ५. उपचार काहीच घेतले नाहीत. मग सुधारणा झाली का?

उत्तर : बहुधा नाही, मोजण्याची पद्धत बदलली असावी. ही १५ गुणांची मोजपट्टी त्वचारोगतज्ज्ञ डोरिस हेक्सेल आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडली. पाच बाबींना प्रत्येकी ० ते ३ गुण: खळ्यांची संख्या (१ ते ४ असल्यास १, ५ ते ९ ला २, १० किंवा अधिक असल्यास ३), त्यांची खोली, पृष्ठभागाचे रूप, त्वचेचा सैलपणा आणि न्युर्नबर्गर-म्युलर यांची १९७८ ची जुनी श्रेणी. या श्रेणीत खळ्या फक्त चिमटीत धरल्यावर दिसल्या तर १, उभे राहिल्यावर आपोआप दिसल्या तर २, आडवे झाल्यावरही राहिल्या तर ३. बेरीज ५ पर्यंत सौम्य, ६ ते १० मध्यम, पुढे तीव्र. म्हणजे कागदावर तुमचा वर्गच मध्यमवरून सौम्य झाला.

घोळ होतो तो प्रकाशात. समोरून फ्लॅश मारला की सावल्या पुसल्या जातात आणि खळ्या उथळ वाटतात. दिवा वरून असेल तर त्याच खळ्या खोल दिसतात. स्नायू आवळले तरी रूप पालटते. म्हणून दोन्ही वेळा ताठ उभे राहून, स्नायू सैल सोडून, त्याच दिव्याखाली, त्याच अंतरावरून फोटो काढायला सांगा. शक्यतो तपासणाराही तोच हवा. नितंब आणि मांडी यांचे गुण वेगवेगळे लिहून घ्या. एकाची दुसऱ्याशी तुलना करू नका. आणि नुसती बेरीज न मागता पाचही आकडे मागा.