शिबिरातली शांती घरी का टिकत नाही?

"मॅडम, इगतपुरीच्या विपश्यना शिबिरात मन किती शांत होतं! घरी आल्यावर मात्र पंधरा दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. माझंच काही चुकतंय का?" समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे वाटले.

ज्यांच्याविषयी लिहीत आहे त्या एक शिक्षिका आहेत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. इगतपुरीच्या धम्मगिरी या केंद्रातले दहा दिवसांचे विपश्यना शिबिर त्यांनी मनापासून केले होते. पहाटे चारला उठणे, आर्य मौन म्हणजे इतरांशी शब्दाने वा खुणेनेही न बोलणे, पहिले तीन दिवस केवळ श्वासावर लक्ष ठेवणारी आनापान साधना आणि मग सर्वांगातील संवेदनांचे निरीक्षण, यांत त्यांनी कुठेही कसूर केली नाही. परतल्यावर सकाळ-संध्याकाळ तासभर बसण्याचा नेमही काही दिवस चालला. मग एका सकाळी बारावीतला मुलगा उठेना म्हणून त्या पूर्वीसारख्याच कडाडल्या, आणि तो म्हणाला, "आई, दहा दिवस गप्प बसून आलीस, फरक काय पडला?" त्या दिवसापासून त्यांनी आसनच गुंडाळून ठेवले.

"मुलावर ओरडल्याचं दुःख जास्त आहे, की साधना करूनही ओरडल्याचं?" मी विचारले.

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दुसऱ्याचंच. मुलगा तर संध्याकाळी विसरूनही गेला होता."

संयुत्तनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातील सल्लसुत्तात, म्हणजे बाणाच्या उपमेच्या उपदेशात, बुद्धांनी नेमके हेच सांगितले आहे. वेदना हा पहिला बाण. तो लागल्यावर शोक करणारा मनुष्य स्वतःला जणू दुसरा बाण मारून घेतो. माझ्याकडे येणाऱ्या साधकांच्या बाबतीत हा दुसरा बाण बहुतेक वेळा अपराधीपणाचा असतो. राग येणारच नाही असे शिबिरात कोणी सांगितलेले नसते, तरी ती अपेक्षा मनात घर करून बसते.

पुढच्या एका भेटीत मी त्यांना रागाचे कारण विचारलेच नाही. "ओरडण्याच्या अगदी आधी शरीरात काय होतं?" एवढेच विचारले. त्यांनी डोळे मिटले. "डबे भरत असते. कानामागं गरम होतं. आणि… हात भरभर चालायला लागतात, झाकणं आपटतात." त्या एकदम थांबल्या. "म्हणजे राग तोंडात येण्याआधी हातांत येतो!"

शिबिरात तासन्‌तास केलेले संवेदनांचे निरीक्षण त्यांच्या ओट्यापाशी पोहोचले ते त्या क्षणी. समुपदेशनाच्या इतक्या वर्षांत अशा क्षणांचे मोल मला सर्वाधिक वाटत आले आहे, कारण ते उत्तर साधकाचे स्वतःचे असते. सजगतेविषयीच्या सतिपट्ठान सुत्तात बुद्धांनी चालणे, खाणे, बोलणे, गप्प राहणे या सर्व क्रिया जाणीवपूर्वक करण्यास सांगितले आहे. मग डब्याचे झाकण लावणे त्यातून कसे वगळता येईल?

आम्ही ठरवले ते साधे होते. हात भरभर चालू लागले की झाकण खाली ठेवायचे, तीन श्वास पाहायचे आणि मग बोलायचे. बोलायचे टाळायचे मात्र नाही. मुलाला उठवणे आवश्यकच होते. तरीही तोल गेला तर काय, हे त्यांनी विचारलेच. बुद्धांनी आपला मुलगा राहुल याला कृतीपूर्वी, कृती करताना आणि कृतीनंतरही विचार करण्यास सांगितले होते, आणि चुकीचे बोलून गेल्यास ते शहाण्या माणसापाशी उघडपणे सांगून पुढे संयम राखावा असा उपदेश केला होता. यात स्वतःला कोसत बसण्याला कोठेही जागा नाही. त्यानंतर एकदा त्या ओरडल्या, तेव्हा संध्याकाळी त्यांनी मुलाला सरळ सांगितले, "सकाळी माझा आवाज चढला, ते चुकलं. पण उद्या सहाला उठायचंच." तो उठला, अर्थात दोन हाका मारल्यावर.

आता त्या रोज सकाळी वीस मिनिटे बसतात. तासाचा नेम जमत नाही म्हणून सगळेच सोडून देणाऱ्यांना मी हेच सुचवते. मात्र झोप उडालेली असेल, जगणे नकोसे वाटत असेल किंवा मानसिक आजारावर उपचार चालू असतील, तर शिबिराला जाण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा आणि चालू औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नका.