होम थिएटरसाठी पहिल्यांदाच कॉम्प्युटर असेम्बल करतोय, कोणते पार्ट घेऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ५५ इंची ४के टीव्ही आहे, साउंडबार आहे, हार्डडिस्कवर सिनेमे साठलेत, आणि दुकानदार म्हणतोय, "ग्राफिक्स कार्ड नसेल तर ४के चालणारच नाही."

कार्ड राहू द्या. गेम खेळायचे नसतील तर ते पैसे तुमच्याच खिशात बरे. व्हिडिओ डिकोड करायला, म्हणजे दाबून साठवलेली फाइल उलगडून पडद्यावर दाखवायला, प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्समध्ये वेगळी सोय असते. तिला कोणते फॉरमॅट कळतात तेवढं बघायचं. तीन नावं लिहून ठेवा: एचईव्हीसी १०-बिट, व्हीपी९, एव्ही१. इंटेलच्या १२व्या पिढीतल्या साध्या आय३-१२१०० ला तिन्ही जमतात. एएमडीचा ५६००जी स्वस्तात दिसेल, पण त्याला एव्ही१ जमत नाही. मग ते काम प्रोसेसर स्वतः अंगमेहनतीने करतो, तापतो आणि पंखा बोंबलायला लागतो.

नावापुढे 'एफ' असलेला प्रोसेसर मात्र अजिबात घेऊ नका. हे मी पैसे मोजून शिकलोय. २०२२ च्या दिवाळीत लॅमिंग्टन रोडवरून १२१००एफ घेतला, थोडा स्वस्त होता म्हणून. कॅबिनेट मांडीवर घेऊन लोकलने डोंबिवलीला आलो, सगळं जोडलं, पंखे फिरले, दिवा लागला आणि टीव्हीवर 'नो सिग्नल'. केबल बदलली, रॅम या खाचेतून त्या खाचेत घातली, दोन तास गेले. शेवटी रिकामा खोका हातात घेऊन बारीक अक्षरं वाचली: यासोबत वेगळं ग्राफिक्स कार्ड लागेल. 'एफ' म्हणजे आत ग्राफिक्सच नाही. फोडलेला खोका दुकानदार परत घेईना, तो ऑफिसातल्या एका पोराला घाट्यात विकला.

मदरबोर्ड महागाचा नको, पण एचडीएमआयची ओळ वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. एकाच चिपसेटच्या (बोर्डावरच्या मुख्य चिपच्या) दोन बोर्डांतही फरक असतो. एकावर ४०९६ बाय २१६०, ६० हर्ट्झ लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ३०. तीसवाल्यावर माउसचा बाण उड्या मारत फिरतो. रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या, विंडोजसाठी २५० किंवा ५०० जीबीचा एनव्हीएमई (थेट मदरबोर्डवर बसणारा वेगवान) एसएसडी आणि बऱ्या कंपनीचा ४५० वॅटचा पॉवर सप्लाय. यावर जास्त डोकेफोड नको.

डोकेफोड करायची ती मशीनच्या आवाजावर. दुकानात गर्दीत मशीन सुरू करून दाखवतात तेव्हा काहीच ऐकू येत नाही. घरी रात्री अकराला, पडद्यावर दोन माणसं गप्प बसलेली असताना, प्रोसेसरसोबत आलेला छोटा पंखा गिरणीसारखा घुमतो. माझ्याकडे बाबा टीव्हीकडे न बघता कॅबिनेटकडे बघत बसायचे. म्हणून १२० मिलिमीटरचे मोठे, हळू फिरणारे पंखे घ्या आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) त्यांचा वेग कमी ठेवा. कॅबिनेट बुटकं असेल तर कूलरची उंची आधी मोजा. नॉक्टुआचा एल९आय ३७ मिलिमीटर उंच आहे, असलेच कूलर बसतात तिथे. आणि टीव्ही युनिटच्या बंद खणात ठेवणार असाल तर सुताराला बोलवा. मी मागच्या प्लायला चार इंची भोक पाडून घेतलं, त्या दिवसापासून पंख्याचा आवाज बसला.

सिनेमांची हार्डडिस्कही कुरकुरते. शक्य असेल तर ती दुसऱ्या खोलीत, राउटरजवळ ठेवा आणि लॅनची वायर ओढा. ४के डिस्कवरून घेतलेली फाइल साधारण सेकंदाला ६० मेगाबिटची धरली तरी दोन तासांचे ५४ जीबी होतात. मारामारीच्या दृश्यात वेग याच्याही वर जातो, तिथे भिंतीपलीकडचं वायफाय दम टाकतं.

कोडी (साठवलेले सिनेमे चालवायचं सॉफ्टवेअर) टाकलंत की पहिल्याच दिवशी एक सेटिंग चालू करा: 'अॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट'. मग टीव्ही सिनेमाच्याच वेगावर चालतो. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो आणि टीव्ही ६० वर चालतो, म्हणून हे सेटिंग नसेल तर एक चित्र दोनदा, पुढचं तीनदा असं दाखवलं जातं. कॅमेरा शेतावरून सावकाश फिरतो ना, तेव्हा बांधावरची झाडं अडखळत सरकतात, ते यामुळे. लोक उगाच प्रोसेसरला दोष देतात.

नेटफ्लिक्स, प्राइम वगैरे टीव्हीच्या स्वतःच्या अॅपवरच बघा. कॉपी होऊ नये म्हणून त्यांनी कुलुपं घातलेली असतात. लिनक्सवर नेटफ्लिक्सचं ४के मिळत नाही, विंडोजवरही ठरावीक ब्राउझर किंवा अॅप लागतं. हे मशीन तुमच्या स्वतःच्या साठ्यासाठी आहे असंच समजा. तेवढंच हवं असेल आणि स्क्रूड्रायव्हर हातात धरायची हौस नसेल, तर इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचा तयार मिनी पीसीही पुरतो. अवघ्या ६ वॅटची चिप, पण वरचे तिन्ही फॉरमॅट तिला जमतात.

रिमोटचं आधीच ठरवा, नाहीतर आई-बाबा पुन्हा सेट टॉप बॉक्सकडे वळतील. पीसीच्या एचडीएमआयला सहसा सीईसी (एकाच रिमोटने जोडलेली यंत्रं चालवायची सोय) नसतं, त्यामुळे टीव्हीचा रिमोट कॉम्प्युटरला चालत नाही. फ्लर्क नावाचा यूएसबी रिसीव्हर लावून मी जुन्या डीव्हीडी प्लेयरचाच रिमोट शिकवून ठेवलाय.

सिनेमाच्या आवाजाचं, म्हणजे साउंडबारच्या जोडणीचं, आत्ताच सांगता येणार नाही. तुमच्या साउंडबारला ईआर्क (टीव्हीचा आवाज घेणारं एचडीएमआय) आहे की फक्त ऑप्टिकल, ते मागच्या बाजूला बघून कळवा. ऑप्टिकलमधून डॉल्बी ट्रूएचडी (४के डिस्कवरचा उत्तम दर्जाचा आवाज) जात नाही, तसं असेल तर जोडणी वेगळी सांगतो.