वाटणीचे सूत्र लावण्यापूर्वी

प्रिय मित्रा,

चीनच्या प्रांतांमध्ये कार्बन उत्सर्जन घटवण्याची जबाबदारी कशी वाटावी, यावरचा तुझा आराखडा वाचला. एकत्र येऊन मिळवलेला फायदा प्रत्येकाच्या सरासरी योगदानानुसार वाटणारे, गणितज्ञ लॉइड शॅप्ली यांनी 1953 मध्ये मांडलेले सूत्र तू निवडलेस, हे मला पटले. मात्र त्या सूत्राच्या उत्तरालाच तू ‘न्याय्य वाटणी’ म्हटले आहेस, तेथे माझी हरकत आहे.

आधी एक लहान गणित हाताने सोडव. अ, ब आणि क असे तीन प्रांत धर. आपापले लक्ष्य एकेकट्याने गाठण्याऐवजी त्यांनी एकत्र येऊन, जेथे कपात स्वस्त पडते तेथे ती केली, तर खर्च वाचतो: अ-ब यांचा 60, अ-क यांचा 30, ब-क यांचा शून्य आणि तिघांचा मिळून 90. युतीत सामील होण्याचे सहाही क्रम मांड, प्रत्येकाच्या येण्याने बचत कितीने वाढली ते लिही आणि सरासरी काढ; अ ला 45, ब ला 30 आणि क ला 15 मिळतील. अ आणि ब वेगळे निघाले तर त्यांच्या हाती 60 येतील, येथे मात्र 75 आहेत, म्हणून ते फुटणार नाहीत. ही तपासणी प्रत्येक गटासाठी करावी लागते, कारण शॅप्लींची वाटणी तिच्यात दर वेळी टिकतेच असे नाही.

पण ही बचत ज्या लक्ष्यांपासून मोजली, ती कशी ठरली? बाराव्या पंचवार्षिक योजनेत (2011-2015) चीनने कार्बन तीव्रता, म्हणजे उत्पन्नाच्या प्रत्येक एककामागचे उत्सर्जन, 17 टक्क्यांनी घटवायचे ठरवले. त्यात ग्वांगडोंगकडे 19.5, इनर मंगोलियाकडे 16, तर छिंगहाय आणि तिबेटकडे 10 टक्के आले. इनर मंगोलियात कोळसा जाळून केलेली पुष्कळ वीज बीजिंग परिसरात वापरली जाते, पण त्या धुराची नोंद इनर मंगोलियाच्याच खात्यावर होते. ती वापरणाऱ्याच्या खात्यावर टाकलीस, तर सूत्र तेच राहूनही वाटे बदलतात. ज्या प्रांताची रोजीरोटी कोळशाच्या खाणींवर आहे, त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे, आणि तू तो तळटीपेत टाकला आहेस याचे मला वाईट वाटले.

म्हणून दोन्ही हिशेब धरून सूत्र दोनदा चालव, दोन्ही तक्ते शेजारी शेजारी छाप आणि तू कोणता स्वीकारतोस ते कारणांसह मुख्य मजकुरात लिही. तक्ते तयार झाले की मला पाठव. इनर मंगोलियाचा वाटा किती सरकतो, ते मला सर्वांत आधी पाहायचे आहे.

तुझा हितचिंतक