बेवड : कशाचा आणि कशाला?

प्रश्न असा आहे : "ऊसलागणीवरच्या एका लेखात 'हरभऱ्याचा बेवड असेल तर उत्तम' असं वाचलं. बेवड म्हणजे पिकांची फेरपालटच ना? आणि बेवड्याशी याचा काही संबंध?"

बेवड्याचं शेवटी बघू. आधी फेरपालट. त्या वाक्यात 'हरभऱ्याची फेरपालट' घालून बघा, अर्थच लागत नाही. फेरपालट शेतकरी करतो, बेवड रानात उरतो. आधीचं पीक निघून गेल्यावर जमिनीत जे बरंवाईट मागे राहतं आणि पुढच्या पिकाला भेटतं, तो बेवड. म्हणून या शब्दाला दोन पिकं लागतात, एक षष्ठीत आणि एक चतुर्थीत : हरभऱ्याचा बेवड उसाला चांगला. खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुंध्यांवर पुन्हा फुटलेलं पीक) मोडला, मध्ये सोयाबीन किंवा हरभरा केला, मग पुन्हा लागण, हे सांगली-कोल्हापूरकडचं नेहमीचं गणित.

चांगला का? फुलोऱ्याच्या आसपास हरभऱ्याचं रोप ओल्या मातीतून अलगद उपटा. मुळांवर गाठी दिसतील. एखादी नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर निघाली तर तिच्यातले जिवाणू हवेतला नत्र बांधताहेत, हिरवट-करडी निघाली तर त्यांचं काम थांबलंय. काढणीनंतर मुळं आणि गळलेला पाला रानातच कुजतो. ताग हेही द्विदलच, पण तो तर हिरवळीचं खत म्हणून, दाण्यासाठी न ठेवता फुलावर येताच, साधारण 45 ते 50 दिवसांत, गाडूनच टाकतात.

म्हणून 'द्विदल म्हणजे चांगला बेवड' असं सरसकट छापलं जातं, ते मला पटत नाही. तुरीचा मर रोग घ्या. त्याची बुरशी जमिनीत वर्षानुवर्षं तग धरते. अशा रानात तुरीवर तूर म्हणजे रोगाला आवतण, तिथे ज्वारीच बरी. पण त्याच ज्वारीची धसकटं (कापणीनंतर रानात उरलेले बुडखे) कुजवताना जिवाणू जमिनीतला नत्र काही काळ स्वतःकडे ओढतात, म्हणून लगेच पेरलेला गहू पिवळा पडू शकतो. बेवड चांगला की वाईट, हे 'कशाला?' विचारल्याशिवाय सांगता येत नाही. (हळदीवर हळद मात्र नकोच. कंदकुज आदल्या वर्षीची वाट बघत बसलेली असते.)

पूर्वपीक, पीकक्रम हे शब्द वाईट नाहीत, पण ते नुसता क्रम सांगतात. मातीत काय राहिलं ते एकट्या बेवडात येतं. नवं रान वाट्याने घेताना 'बेवड कशाचा?' एवढं विचारलं की पुरतं.

आता बेवडा. दारू पिणाऱ्याशी या शब्दाच्या अर्थाचा काही संबंध नाही. फक्त विभक्ती सांभाळा. सोयाबीनच्या बेवडावर ऊस लावला, हे बरोबर. 'बेवड्यावर' लिहिलंत तर लागण थेट त्या बिचाऱ्याच्या अंगावर व्हायची.